शून्य, शंभर आणि नागपूर

बागायतदार : बाई, माझ्या नातवाने परवा धडा घडाघडा म्हणून दाखवला. पाणी ० अंशाला गोठतं, १०० अंशाला उकळतं, मधल्या काळात द्रव असतं. झाल्या तीन अवस्था. शेजारी चित्र : एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाचा डोंगर, वर ढग आणि गोल फिरणारे बाण. मी म्हटलं, यातलं आपल्याकडे आहे काय? समुद्र दोन्हीकडून शेकडो किलोमीटर लांब. सातपुड्यावर बर्फ कुणी पाहिला नाही. नागपूरच्या नोंदीतला सगळ्यात तापलेला दिवस २३ मे २०१३, ४७.९ अंशांचा. सगळ्यात गारठलेला २९ डिसेंबर २०१८, ३.५ अंशांचा. म्हणजे इथला पारा शून्याला टेकला नाही आणि शंभराच्या निम्म्यावरही पोचला नाही. तुमच्या धड्याप्रमाणे नागपुरातल्या पाण्याने जन्मभर पाणीच राहायला पाहिजे. मग माझं शेततळं मार्चपासून का उतरायला लागतं? पोरांना तुम्ही काय सांगून राहिल्या?

बाई : भाऊ, त्या दोन आकड्यांवर उगाच राग काढू नका. ते त्यांच्यापुरते खरे आहेत. १०० अंशांना पाण्याच्या पोटातच वाफेचे बुडबुडे धरतात, तेही समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाखाली. नागपूर तीनशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून इथे ते ९९ च्या जवळपासच होतं. पण हवेत जायला पाण्याला उकळावं लागत नाही. पाण्यातले सगळे रेणू एका वेगाने हलत नाहीत. काही सुस्त असतात, काही फार जोरात असतात. पृष्ठभागाशी आलेले जोरातले रेणू सुटून जातात, पाणी कितीही अंशांचं असो. पौषातल्या थंडीतही धोतर वाळतं ते यामुळेच. आणि जोरातले निघून गेले की मागे उरतात ते सुस्त, म्हणून उरलेलं पाणी गार होतं. हे शिकवायला नागपूरसारखं गाव नाही. होळी झाली की घरोघरी कूलर बाहेर येतो, त्याच्या ताट्या बदलतात, पंप नीट चालतो का ते पाहतात. १ ग्रॅम पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात, पण तेच १ ग्रॅम नुसतं हवेत उडून जायला साधारण ५८० कॅलरी घेतं. ही उष्णता ते ताटीतून शिरणाऱ्या हवेकडून काढून घेतं. म्हणून मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना कूलरसमोर बसलेल्याला पंचवीस-सत्तावीस अंशांचा वारा मिळतो. आता सांगा, यात शून्य कुठे आलं आणि शंभर कुठे आलं?

बागायतदार : तेच तर म्हणतो. जे घरात आहे ते धड्यात नाही आणि जे धड्यात आहे ते घरात नाही. पण तुमचा कूलरही मला अर्धाच पटला. पुस्तकात काय लिहिलंय? उष्णता मिळाली की पाण्याची वाफ होते. ठीक. जुलैत नागपुरात ३२ अंश असतात. तुमच्या पौषापेक्षा किती तरी जास्त. मग जुलैत लुगडी दोन दिवस दोरीवर ओलीच्या ओली का राहतात? तोच कूलर, तीच ताटी, तेच पाणी, आणि जुलैत लावला तर अंगाला नुसती चिकचिक. उष्णता तर मिळते आहे! म्हणजे धड्यातलं वाक्य मे महिन्यात खरं आणि जुलैत खोटं. जे वाक्य दोन महिन्यांत फिरतं त्याला नियम कसं म्हणायचं?

बाई : कारण त्या वाक्यात हवेचं नाव घ्यायचं राहून गेलं. एखाद्या थांब्यावर एसटीतून जितके उतरतात तितकेच चढले तर आतली गर्दी तेवढीच दिसते, दार मात्र सारखं चालूच असतं. ओल्या कपड्यावर तसंच चाललेलं असतं. पाण्यातून रेणू सुटतात आणि हवेतले काही पाण्यात परतही येतात. मे महिन्यात दुपारी नागपूरच्या हवेत बाष्प इतकं थोडं असतं की परत येणारे जवळजवळ नसतातच, सगळा ओघ एकाच दिशेने. जुलैत हवेत आधीच इतकं बाष्प असतं की सुटणारे आणि परतणारे जवळपास बरोबरीत येतात. म्हणून थर्मामीटरच्या गोळीला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर मे महिन्यात पारा वीस अंश खाली येतो आणि जुलैत जेमतेम चार. कूलर हे त्या ओल्या फडक्याचंच मोठं रूप आहे.

बागायतदार : मग हेच का सांगत नाही? नऊ-दहा वर्षांच्या पोराला कळणार नाही म्हणून?

बाई : हो, म्हणूनच. पहिल्या दिवशी त्याला एकच बाण द्यावा लागतो : ऊन पडलं, पाणी उडालं. तो बाण पक्का झाल्याशिवाय परतीचा बाण दाखवला तर दोन्ही हातचे जातात. अर्धं खरं सांगून सुरुवात करण्यात मला पाप वाटत नाही.

बागायतदार : मला वाटतं. अर्ध्याची किंमत मोठेपणी मोजावी लागते. एसी लावल्यासारखी दारं-खिडक्या गच्च बंद करून कूलर लावणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. तासाभरात खोलीतली हवा ओलीकिच्च होते, उकडायला लागतं, आणि म्हणतात मोटर बिघडली. मोटर ठीक असते. यांना शाळेत फक्त जाण्याचा बाण शिकवला, खोलीतली हवा भरते हे कुणी सांगितलं नाही. खिडकी उघडी ठेवायची अक्कल त्या दुसऱ्या बाणात होती. आणखी एक सांगतो. सीझन संपल्यावर कूलरची ताटी काढून पाहा. बोअरचं पाणी वापरलं असेल तर काड्यांवर पांढरा कडक थर चढलेला असतो, नखाने खरवडला तर खपली निघते. टाकीच्या तळाशी तोच. पाणी गेलं आणि क्षार इथेच राहिले. पोराला आधी ही खपली हातात द्या, मग विचारा काय उडालं आणि काय नाही.

(इथे लेखकाची थोडी लुडबुड. दोघेही वाफ, बाष्प म्हणत आहेत आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चहाच्या केटलीतून निघणारा पांढरा लोट येत असणार. तो लोट म्हणजे पाण्याचे बारीक थेंब आहेत, पुन्हा द्रव झालेले. खरी वाफ केटलीची चोच आणि त्या लोटाची सुरुवात यांच्या मधल्या बोटभर मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असते आणि ती दिसत नाही. ढगाचंही तेच. ज्याला पोरं वायू समजून निळ्या खडूने रंगवतात ते थेंब आहेत, उंचावर बर्फाचे कणही. पुढच्या वादात बाष्प म्हटलं की न दिसणारं धरावं.)

बाई : खपली मी घेतली, भाऊ. पण तुम्ही सगळं घरातलंच शिकवा म्हणता तेव्हा मला भीती वाटते ती बर्फाची. फ्रीजमधला सोडला तर आपल्या पोरांना बर्फ दिसतो तो एकदाच, गार पडते तेव्हा.

बागायतदार : गारेचं नाव माझ्यापुढे कौतुकाने घेऊ नका. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली. फेब्रुवारीत संत्र्याच्या झाडावर काय असतं तुम्हाला ठाऊक आहे? मृग बहाराचं तयार फळ तोडणीला आलेलं असतं आणि आंबिया बहाराचा फुलोरा सुरू असतो. एका गारेत दोन्ही बहार मार खातात. फुलं गळतात ती गळतातच, आणि फळावर जिथे टोला बसला तिथे चार दिवसांनी डाग नरम पडतो.

बाई : कौतुक नाही, पण ती गार उचलून आडवी कापली तर आत काय दिसतं ते पाहिलंत? आलटून पालटून दुधी आणि काचेसारखे थर. जिथे थेंब पटकन गोठले तिथे हवेचे बुडबुडे अडकले, तो दुधी थर. जिथे पाणी सावकाश गोठलं तिथे हवा निघून गेली, तो पारदर्शक. आपल्याकडे उन्हाच्या दिवसांत चार-पाच किलोमीटर वर गेलं की हवा शून्याखाली जाते. म्हणजे समुद्र नसू द्या, डोंगर नसू द्या, बर्फ तुमच्या काटोलच्या बागेपासून पाच किलोमीटरवर असतो, फक्त उभ्या रेषेत.

बागायतदार : हे आवडलं. पण मग सांगा, त्या ढगात शून्य अंशाला सगळं पाणी गोठून जात असेल तर गारेवर थर चढवायला ओले थेंब येतात कुठून?

बाई : तिथेच धडा खरोखर अडतो. ढगातले बारीक थेंब उणे दहा, उणे वीस अंशांपर्यंत सुद्धा पाणीच राहतात. गोठायला त्यांना सुरुवात करून देणारा कण लागतो, मातीचा, धुळीचा, किंवा आधी झालेल्या बर्फाचा. तो मिळाला नाही तर थेंब थांबून राहतो, अगदी उणे अडतीसच्या आसपास पोचेपर्यंत. असा थांबलेला थेंब गारेवर आदळला की तिथल्या तिथे गोठतो. वितळण्याचं मात्र असं नाही. उघड्यावरचा बर्फ शून्याच्या वर गेला की वितळायला लागतोच, थांबत नाही. म्हणजे शून्य हा आकडा एका दिशेने वक्तशीर आहे आणि दुसऱ्या दिशेने नाही.

बागायतदार : म्हणजे ‘पाणी ० अंशाला गोठतं’ हे वाक्य चूक, आणि ‘बर्फ ० अंशाला वितळतो’ हे बरोबर. परीक्षेत दोन्हीला सारखेच मार्क. बरं, उलटं घ्या. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमकण पडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि त्याच बातमीत पारा ४ किंवा ५ अंशांवर असल्याचं लिहिलेलं असतं. शून्याच्या वर गोठलंच कसं?

बाई : कारण पारा आणि पान एका जागी नसतात. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर पांढऱ्या जाळीदार पेटीत असतो. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात आणि वरच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी जास्त गार होतात. पेटीत ४ असताना गवताचं टोक शून्यावर असू शकतं. यावर इथे एके काळी धंदाच चालत असे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं होतं, की अलाहाबादकडे लोक खड्ड्यात उसाची चिपाडं आणि मक्याची ताटं अंथरून त्यावर मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवतात आणि पहाटे त्यातून बर्फ गोळा करतात. मातीच्या परळातून पाणी झिरपून उडत होतं ते गारवा वाढवायचं, चिपाडं जमिनीची ऊब अडवायची, आणि वरचं उघडं आकाश उरलेली उष्णता ओढून घ्यायचं. शून्य हवेत नव्हतं. पाण्यात तयार करावं लागत होतं.

बागायतदार : अलाहाबाद राहू द्या, आमची आंब घ्या. माझी आजी हिवाळ्यात हरभऱ्याच्या वावरात रात्री धुतलेलं पांढरं धोतर पिकावर अंथरून यायची. पहाटे ते दवाने जड झालेलं असायचं, पिळून बाटलीत भरायचं. जिभेला लावलं तर असं आंबट की कानापर्यंत कळ जाते. पोट दुखलं की चार थेंब. आता तुम्ही म्हणता बाष्प उडतं तेव्हा क्षार मागे ठेवून शुद्ध होऊन जातं. मग तेच बाष्प दव होऊन आलं तर बेचव असायला पाहिजे. आंबट कसं?

बाई : दव बेचवच असतं. हवेतलं बाष्प गार पानाला टेकून द्रव झालं, तिथपर्यंत शुद्ध. पण हरभऱ्याच्या पानावर बारीक लव असते आणि तिच्या टोकातून आम्ल पाझरतं, मॅलिक आणि ऑक्झॅलिक. दव त्यात मिसळतं. धोतर हरभऱ्याऐवजी दोन काठ्यांवर ताणून ठेवलं असतं तर पिळल्यावर साधं पाणी निघालं असतं. चित्रातल्या बाणाला हे दाखवता येत नाही. बाण अवस्था सांगतो, पाणी वाटेत कुणाला शिवलं ते सांगत नाही.

बागायतदार : आता माझ्या खऱ्या तक्रारीवर येतो. आकड्यांचं मी सोडून देतो. माझा राग त्या गोल बाणांवर आहे. गोल काढला की पोराच्या मनात काय बसतं? पाणी कुठे जात नाही, फिरून येतंच. २०१९ च्या जुलैत तोतलाडोह धरण तळाला गेलं होतं, पावसाने पाठ फिरवली होती, आणि नागपूर महापालिकेला शहराला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. त्या वेळी कुणी म्हटलं असतं की काळजी नको, चक्र आहे, तर लोकांनी घागरी फेकून मारल्या असत्या. माझं तळं ३० बाय ३० मीटरचं आहे, खाली प्लास्टिक अंथरलंय. प्लास्टिकने झिरपणं थांबतं, उडणं नाही. जे उडालं ते माझ्याकडे परत येत नाही. ते चक्र असेल, पण माझं नाही.

बाई : किती उडतं ते आधी मांडू. वेधशाळेत याच कामाचं एक गोल पात्र असतं, चार फूट व्यासाचं, पक्ष्यांनी पिऊ नये म्हणून वर तारेची जाळी. रोज ठरलेल्या खुणेपर्यंत किती पाणी घालावं लागलं ते मोजतात, तेवढं उडालं. मे महिन्यात त्या पात्रातून रोज १२ मिलिमीटर गेलं असं धरा. पात्र चहूबाजूंनी तापतं, म्हणून तळ्यासाठी साधारण त्याचे ७० टक्के घेतात. म्हणजे साडेआठ मिलिमीटर. तुमचं तळं काठोकाठ असेल तर ९०० चौरस मीटरवर दिवसाला साडेसात हजार लिटर. वरच्या हवेत ते सरासरी नऊ-दहा दिवस राहतं. मे महिन्यात आपल्याकडचा वारा पश्चिमेचा, वायव्येचा. तेव्हा तुमचं पाणी पडलंच तर छत्तीसगडपलीकडे कुठे तरी, किंवा बंगालच्या उपसागरावर. तुमची तक्रार खरी आहे.

बागायतदार : मग चित्रातून गोल पुसा.

बाई : ते नाही करणार. गोल पुसला तर पोराला वाटेल पाणी नष्ट झालं, आणि ते आणखी मोठं खोटं आहे. बाण ठेवून त्यावर दिवस आणि अंतर लिहिता येईल. आणि एक गोष्ट चित्रात मुळीच नाही, ती घालता येईल : उष्णता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, माणसं गेली. शंभर मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला शंभर लिटर. तेवढ्या बाष्पाचं पाणी होताना वर ढगात जी उष्णता सुटली ती विजेच्या हिशेबात ७० युनिट होते, एका चौरस मीटरमागे. समुद्रावर किंवा कुणाच्या तरी तळ्यावर उडताना पाण्याने जी घेतली होती, तीच. तिनेच ढग आणखी वर चढतो. पाणी परत आलं की नाही याचा हिशेब तुम्ही मागता, पण त्याने उष्णता कुठून उचलली आणि कुठे टाकली हे कुणी विचारत नाही. तुमच्या तळ्याने उचललेली कुणाच्या डोक्यावर सुटली असेल?

बागायतदार : असेल. पण मला तळं झाकायचंय. शेडनेट ताणायची, बस. रोजचं हजार-दोन हजार लिटर वाचलं तरी तेवढ्यावर किती तरी झाडं जगतात.

बाई : झाका. पण ते वाचलेलं पाणी झाडाला दिलं की झाड काय करतं? मुळांनी घेतलेल्या शंभर लिटरातलं पंच्याण्णवहून जास्त पानांतून बाष्प होऊन हवेत जातं. तळ्यावरून उडायचं ते पानावरून उडालं.

बागायतदार : पानावरून उडालेल्याने संत्र पोसलं. तळ्यावरून उडालेल्याने काय केलं?

बाई : तळं गार ठेवलं. उडणं अडवलं की पाण्याची उष्णता निघायची वाट बंद होते. सावली असेल तर ठीक, पण नुसता थर पसरून अडवलं, जसं मेणासारख्या अल्कोहोलचा पातळ थर तलावांवर पसरवायचे प्रयोग जगभर झाले, तर खालचं पाणी जास्त तापतं. वाऱ्याने थर फाटला की ते तापलेलं पाणी आणखी वेगाने उडतं.

बागायतदार : म्हणजे तुमच्या पदार्थविज्ञानाला उपयोगी उडणं आणि फुकट उडणं यात फरक करता येत नाही. तो मला करावा लागतो.

बाई : रेणूला करता येत नाही हे खरं. तुम्ही करता तो तुमच्या बांधापुरता. खालच्या गावाने मांडला तर वेगळा येईल, आणि अंबाझरीवर संध्याकाळी वाऱ्याला बसणाऱ्याने मांडला तर आणखी वेगळा. चौथीच्या पोरापुढे यातला कुणाचा ठेवू?

बागायतदार : तिन्ही ठेवा आणि मोजायला लावा. दोन परातींत सारखं पाणी, एक उन्हात, एक शेडनेटखाली. मे महिन्यात.

बाई : मे महिन्यात शाळा कुठे असते? विदर्भात उन्हापायी शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. हा धडा घेते तेव्हा बाहेर पाऊस असतो आणि खिडकीतलं फडकंसुद्धा वाळत नाही. जिथे बाष्पीभवन दिसत नाही त्याच महिन्यांत ते शिकवायचं.

बागायतदार : मग सुट्टीचा अभ्यास द्या. मे अखेरच्या नवतपाचे नऊ दिवस, रोज सकाळी पट्टीने मोजून वहीत लिहायचं.

बाई : देईन. पण दोन्ही पराती परत ऑगस्टमध्येही मांडायला लावीन, नाही तर पोरं ऊन आणि सावली एवढंच शिकतील आणि हवा पुन्हा राहून जाईल.

बागायतदार : ऑगस्टमध्ये परात उतरायच्या ऐवजी पावसाने भरेल.

बाई : छपराखाली ठेवू. आणि मे महिन्यात वर जाळी बांधायला सांगा नातवाला. नाही तर कावळे प्यायलेलं पाणीही तो माझ्या बाणात घालेल.